पोर खांद्यावरून उतरलं की जत्रेला काय न्यावं

पौष लागला तसं आमच्या नंदाने जाहीर केलं, "यंदा मी खांद्यावर बसणार न्हाई. चालणार."

गेली तीन वर्षं तिने पालच्या खंडोबाची जत्रा माझ्या खांद्यावरून पाहिली. ज्यांनी पोर घेऊन जत्रा केली आहे त्यांना सांगायला नको, की खांद्यावरच्या पोरासारखं सोपं ओझं नाही. ते हरवत नाही, त्याचे पाय दुखत नाहीत, कुणाचा धक्का लागत नाही. आपले दोन्ही हात त्याच्या घोट्यांवर. खरी अडचण ते खाली उतरल्यावर सुरू होते, आणि तिच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांचं पोर यंदा उतरणार असेल त्यांनी शेवटपर्यंत वाचावं, कारण सुरुवातीला मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं चुकलं.

मी इंजिन मिस्त्री. आमचं गाव कृष्णाकाठी, इस्लामपूरच्या पूर्वेला. उसाला पाणी देणारी बावीस ऑइल इंजिनं या गावात आहेत. हे काम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. पहिलं इंजिन खोललं तेव्हा एकेक भाग अंगणात ओळीने मांडला, शेजारी खडूने क्रमांक घातले आणि उलट्या क्रमाने जोडत आलो. चाललं. आता दुकानात बसल्या बसल्या ठोक्यावरून सांगतो, कुणाचं इंजिन चालू आहे. एखादा ठोका थांबला की बोलावणं यायच्या आत मी सायकलवर टांग टाकतो. ताटावरून उठून गेलेलो आहे. त्यावरून सौ. काय बोलते ते इथे लिहीत नाही. नंदा मात्र ठोका थांबला की माझ्या चपला उंबऱ्याशी आणून ठेवते.

तर जत्रेची तयारीही मी अशीच ओळीने मांडून केली. फिरकीचा तांब्या, पाणी भरून. सहा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. सुती पंचा. एक घोंगडं, कारण पौषात तारळी नदीच्या वाळवंटात संध्याकाळनंतर हाडं वाजतात. बॅटरी. सेफ्टी पिना चार. पोरीसाठी लालभडक फ्रॉक नवा शिवून घेतला, लांबून दिसावा म्हणून. आणि पितळेची एक चकती कापली, कानशीने कडा मारल्या, अक्षरांच्या लोखंडी ठशांनी एकेक अक्षर ठोकून तिच्यावर नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा कोरला. अक्षरं एका रेषेत आली आहेत, कुणीही पट्टी लावून पाहावी. काळ्या दोऱ्यात ओवून ती तिच्या गळ्यात घातली.

सुतळीही काढली होती, तिच्या कमरेला आणि माझ्या मनगटाला बांधायला. सौ.ने ती हातातून ओढून घेतली.

"शेळी हाय का ती?"

"गर्दी लय असते."

"मग हात धरा. आन् हे पाने काढा आदी. जत्रंला निघालाय का कुणाचं इंजिन खोलाय?"

पाने काढले. एक मात्र पंच्यात गुंडाळून आत ठेवला. पिशवी तागडीवर टाकली तर चार किलो दोनशे ग्रॅम भरली, म्हणजे गेल्या वर्षीच्या नंदाच्या मानाने काहीच नाही.

इस्लामपुराहून सकाळची एसटी धरावी. पेठनाक्याला गाडी भरते, त्याआधी बसलेल्यालाच जागा. कऱ्हाडला गाडी बदलायची, आणि तिथून साताऱ्याकडे जाणाऱ्या गाडीने काशीळला उतरायचं. कंडक्टरने नंदाकडे बोट केलं, "पोरगी केवढी?"

"पाचाची व्हायचीय," सौ. खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"सहावं चालू हाय मला," नंदा उभी राहून म्हणाली.

कंडक्टर हसला आणि अर्धं तिकीट फाडलं. हेही खांद्यावरून उतरण्यातच धरावं.

काशीळपासून पाल चारेक मैल. जत्रेच्या गाड्या असतात, पण त्यांना माणसं बाहेरून लोंबकळत होती. आम्ही चालत निघालो. दोन्ही बाजूंनी बैलगाड्या, जोंधळ्याची रानं, डोक्यावर दुरड्या घेतलेल्या बायका. नंदा पहिला मैल पळाली, दुसरा चालली, तिसऱ्यात प्रत्येक फर्लांगाच्या दगडावर बसली. "ये खांद्यावर," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि माझं एक बोट धरलं. पोर चालणार असेल तर वेळ दुप्पट धरा आणि गूळ वरच्या कप्प्यात ठेवा.

पाल दिसतं त्याच्या आधी ऐकू येतं. हलगी, ढोल, तुतारी, आणि "येळकोट येळकोट जय मल्हार". नदीचं वाळवंट माणसांनी भरलेलं. आणि भंडारा! ज्यांनी ही जत्रा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: खंडोबाचं म्हाळसेशी लग्न लागतं त्या दिवशी जो तो हळदीची पूड मुठी भरभरून उधळतो, खोबऱ्याच्या तुकड्यांसकट. देऊळ, बैल, पोलीस, मिठाईवाला, सगळं पिवळं.

देवदर्शनाला दीड तास लागला. मग मी देवळाच्या कळसाकडे बोट करून नंदाला सांगितलं, "हा कळस. आणि ते तिकडं वडाचं झाड. हरवलीस तर वडाखाली यायचं. आई तिथंच बसलेली असंल. कळलं?" तिने मान डोलावली. दोनदा म्हणून घेतलं.

दशम्या खाल्ल्या, गोडीशेव घेतली, आणि पाळण्याकडे गेलो. पाळणा म्हणजे ज्यात बसून माणसं वर आभाळात जातात तो. आमच्या भागात तो अजून माणसंच फिरवतात, दांड्यांना लोंबकळून. इथला पाळणा ऑइल इंजिनावर चालत होता! पट्टा, दोन पुल्या, आणि मागे ताडपत्रीच्या आडोशाला इंजिन. तिकीट चार आणे. मी तिकिटाच्या रांगेत न जाता मागे गेलो, हे सांगायला नको. नंदाही आली. आम्ही दोघं उभं राहून ऐकलं.

"बाबा, हे लंगडतंय," ती म्हणाली.

बरोबर होतं. चार ठोके नीट, पाचवा अडखळत. मालक हुसेनभाई, मिरजेचे, दाढीत भंडारा अडकलेला. मी म्हणालो, "भाई, नोझल बघा. डिझेल नीट फवारत न्हाई."

"मिस्त्री हाय जनू?"

"हाय."

"मग तुमाला कळाय पायजे, जत्रंत कोन इंजिन थांबवतंय? चालतंय तवर चालू द्या. उद्या बघू."

मला राग आला हे कबूल करतो. ज्याचं इंजिन त्यालाच ठोका ऐकू येत नाही, त्याला काय सांगणार. आम्ही परत वाळवंटात आलो, सौ. वडाखाली पिशवी घेऊन बसली, आणि आम्ही बापलेक मिरवणूक बघायला पुढे सरकलो.

साडेचारच्या सुमाराला मिरवणूक आली. मागून लोट आला, मी एक पाऊल पुढे गेलो, आणि माझं बोट मोकळं झालं.

वळलो तर ती नव्हती.

पहिला विचार आला, लाल फ्रॉक. नजर फिरवली. लाल काही नव्हतंच. एकाही अंगावर लाल, निळं, हिरवं काही उरलं नव्हतं. सगळ्या पोरी पिवळ्या, त्यांचे केस पिवळे, भुवया पिवळ्या. दोन पोरींचे खांदे धरून मी त्यांची तोंडं पुसली. दुसरीची आई अंगावर आली, "आवं, काय करताय? माझी हाय ती!" जत्रेला भंडारा असतो हे मला काय नव्याने कळलं होतं? तीन वर्षं मी स्वतः पिवळा होऊन घरी गेलो होतो. तरी शिंप्याला म्हणालो, लालभडक पाहिजे.

वडाखाली धावलो. सौ. एकटीच. तिने माझ्या मोकळ्या हाताकडे पाहिलं आणि तिला सांगावं लागलं नाही. "तुमी शोधा," एवढंच म्हणाली. "मी हितनं हलत न्हाई." पोलिसांच्या तंबूत गेलो. कर्ण्यावरून नाव पुकारलं, पण हलगीत ते मलाच ऐकू आलं नाही, पाच वर्षांच्या पोरीला काय येणार! नदीच्या पाण्याकडे गेलो. पाणी गुडघाभरच होतं. तरी काठाकाठाने बघत गेलो. कशासाठी ते लिहवत नाही.

मग मी एक केलं, जे सकाळीच करायला हवं होतं. गर्दीत खाली बसलो, नंदाच्या उंचीवर. आणि पाहिलं. धोतरं. लुगड्यांचे काठ. गुडघे. कळस नाही, वड नाही, आभाळसुद्धा नाही. मी तिला ज्या खुणा सांगितल्या त्या माझ्या उंचीच्या होत्या. खांद्यावर असताना तिला त्या दिसायच्या. खाली उतरल्यावर तिच्यासाठी जत्रेत फक्त पाय होते.

तसाच बसलो होतो, आणि काहीतरी थांबलं.

चालू इंजिनाचा ठोका कानाला सवयीचा झाला की ऐकू येत नाही, बंद झालेला येतो. हलगी चालू, तुतारी चालू, पण त्यांच्या खाली दुपारपासून जे लंगडत चाललं होतं ते नव्हतं. माझे पाय उठले. पोर हरवलेल्या माणसाने बंद पडलेल्या इंजिनाकडे कशाला धावावं? पण वीस वर्षांची सवय, ती मला विचारून थोडीच काम करते. माणसांना कोपर मारत मी पळालो.

पाळणा अर्ध्यात थांबला होता. सगळ्यात वरच्या पाळण्यात एक नवं जोडपं अडकलं होतं आणि नवरा ओरडत होता, "आवं मालक, आमी काय हितंच संसार मांडायचा का?" ताडपत्रीमागे डिझेलच्या डब्यावर नंदा बसली होती, दोन्ही हात मांडीवर, नखशिखांत पिवळी. हुसेनभाई तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे.

तिने मला पाहिलं आणि हुसेनभाईंना म्हणाली, "सांगितलं होतं का न्हाई?"

मग ती रडायला लागली. मीही.

हुसेनभाईंनी नंतर सांगितलं ते असं. पोरगी एकटीच आली आणि म्हणाली, इंजिन बंद करा. त्यांना वाटलं मीच पाठवली, नोझलसाठी! दोनदा हाकलली. तिसऱ्यांदा तिने गळ्यातली चकती दाखवली. "वाचली मी. लय झ्याक अक्षर हाय. पन गाव तालुका वाचून काय करू, मिस्त्री? तुमचं गाव कुठं, ही जत्रा कुठं! जत्रंत तुमी कुठं बसलाय ते न्हाई त्याच्यावर." मग त्यांनी तिला विचारलं, इंजिन बंद करून काय हुईल? तर म्हणाली, इंजिन बंद पडलं की माझे बाबा येतात. कुठंबी असले तरी येतात.

"असं बोलली बघा, जनू घड्याळाचं सांगतीया," हुसेनभाई म्हणाले. "म्हटलं, बघू. केलं बंद."

तुला वड दिसला नाही का, मी तिला विचारलं. "न्हाई दिसला. पन ह्ये ऐकू येत हुतं."

सौ.ला वडाखालून घेऊन आलो. तिने नंदाला कडेवर घेतलं आणि नंदानेही या वेळी उतरायचा हट्ट केला नाही. हुसेनभाईंनी पाळणा हाताने फिरवून जोडप्याला खाली उतरवलं. मग म्हणाले, "आता थांबलंच हाय, तर बघता का त्ये नोझल?"

पंच्यातला पाना काढला तेव्हा सौ.ने माझ्याकडे बघितलं आणि आपल्या बटव्यातली सुई काढून पुढे धरली. नोझल रॉकेलात धुतलं, त्या सुईने त्याचं भोक साफ केलं. पंधरा मिनिटं. हँडल मारलं. ठोका नीट, एकसारखा. मी पाळण्याच्या तिकिटाचे पैसे देऊ लागलो तर हुसेनभाई घेईनात. तिघांना पाळण्यात बसवलं. वरून सगळं दिसलं: कळस, वड, नदी, पिवळं वाळवंट. नंदाने डोळे मिटून घेतले होते. खालचं ऐकत होती.

रात्र घोंगड्यावर वाळवंटातच काढली. सकाळच्या गाडीला गर्दी कमी असते, हे ध्यानात ठेवावं.

घरी येऊन पिशवी रिकामी केली. काय लागलं, काय नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. तांब्या, गूळ, घोंगडं, पंचा: लागले. बॅटरी: नाही. पिना: नाही. लाल फ्रॉक: आता कायमचा पिवळसर, घरात वापरायला. चकती न्यावीच, पण मागची बाजू कोरी ठेवावी आणि जत्रेत पोचल्यावर आपलं ठिकाण त्यावर लिहावं. आणि खूण ठरवताना आधी पोराएवढं खाली बसावं. त्याहून बरं, पोरालाच विचारावं, इथे तुला काय ओळखीचं वाटतंय? जे ते सांगेल तीच खूण.

हे सगळं मी सौ.ला वाचून दाखवलं. ती नंदाच्या कानामागचा भंडारा खोबरेल लावून काढत होती. म्हणाली, "पोरगीचं झालं. आन् ह्येच हरवलं तर, नंदे? ह्यास्नी कसं हुडकायचं?"

"त्यात काय," नंदा म्हणाली. "इंजिन बंद करायचं."