एरर पुरा वाच

गादी उसवली की कापसाची धूळ नाकात जाते, आन् मले जठारपेठेतला कॉम्प्युटर क्लास आठवते. आमी पिंजारी. नापिकीच्या त्या सालांत शेतकऱ्याच्याच घरी पैसा नव्हता, मंग गाद्या कोण भरून घेईल? माही पोरगी रुखसाना त्या क्लासात शिकवायच्या नोकरीसाठी परीक्षा देऊन राहिली होती. लिनक्सवर एक फाइल, गादीतल्या कापसावानी दाबून बांधलेली, सोडवून दाखवायची होती. मी दारातल्या बाकावर बसलो होतो. पोरगी हुकूम टाइप करे, मशीन नाही म्हणे, ती पुन्हा तोच टाइप करे.

"काय म्हणते ते?" मी विचारलं.

"काही नाही अब्बा, एरर आहे."

"पुरा वाच."

परीक्षा घेणारे सर म्हणाले, "चाचा, तुमाले इंग्रजी समजते काय?"

"नाही. म्हणूनच पुरं ऐकतो."

रुखसानानं चिडून मोठ्यानं वाचलं आन् ओळीच्या टोकाशी थबकली. "अब्बा, फाइल चांगली आहे. डिस्कवर जागाच नाही!" तिनं दुसऱ्या डिस्कचा पत्ता दिला, तशी फाइल सरसर सुटली.

नोकरी लागली. तवा मले वाटलं, ती मीच मिळवून दिली. आजही तसंच वाटते, फक्त आता तिच्यासमोर बोलत नाही.