अंबू नावाचं अस्तर

नवरा पहिल्या शिफ्टला चाकणला गेला होता आणि मी लेकीच्या, दिव्याच्या, डब्यासाठी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना हातानं दार वाजवणाऱ्या आमच्या मजल्यावर एकच, विजयश्रीताई. पण या वेळेला त्या दुकानाचं शटर वर करत असतात.

आत येऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “निगडीला माझी शाखा निघालीय म्हणे. मलाच पत्ता नाही.”

ताईंचं इथंच पिंपळे सौदागरला मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. रंगांना त्यांनी कधी नंबर दिले नाहीत. ज्या बाईच्या साडीसाठी एखादा रंग पहिल्यांदा मागवावा लागला, तिचंच नाव त्या रंगाला. ‘सुमनताई’ म्हणजे मोरपंखी, पण जरा विझलेला. ‘अंबू’ म्हणजे पिकल्या जांभळाचा, त्यांच्या आईच्या इरकलीचा. दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आईच होती. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

दिग्विजय हा ताईंचा पुतण्या. परभणीहून कॉम्प्युटर शिकायला आला आणि शिक्षण होईतो ताईंच्या हॉलमध्येच राहिला. काकूंचा माल कॉम्प्युटरवर घेऊ, कुठला तागा संपत आला ते आपोआप दिसेल, ही कल्पना त्याचीच. संध्याकाळी दुकानात स्टुलावर बसून तो एकेक गोष्ट विचारायचा. आधी रंगांना नंबरच हवेत म्हणून अडून बसला. ताई म्हणाल्या, शिंपी फोनवर ‘दोन मीटर सुमनताई पाठवा’ म्हणतात, नंबर कोण लक्षात ठेवणार? ते त्याला पटलं. मग कुठला शिंपी काय नेतो, माल कुणाकडून येतो, लग्नसराईत आधी काय संपतं, सगळं ताईंनी त्याच्या ओंजळीत घातलं. मी चहा घेऊन गेले की दोघं हसत असायची.

“काकू, हे ‘वर्षाली’ म्हणजे गुलाबी का भांडखोर?”

“दोन्ही. नीट लिही.”

आणि काल एक बाई अस्तर बदलून घ्यायला आल्या. तुमच्या निगडीच्या शाखेतून घेतलं, ‘अंबू’ म्हणून दिलं, पण साडीशी जुळत नाही, अशी त्यांची तक्रार. ताईंनी कापड उजेडात धरलं. नाव आईचं, रंग भलताच. लालसर, भडक. बदल्यात त्यांनी स्वतःच्या ताग्यातलं कापून दिलं आणि ते अस्तर ठेवून घेतलं.

दिव्याला शाळेत सोडलं आणि त्या बाईंनी सांगितलेल्या पत्त्यावर आम्ही निगडीला रिक्षा केली.

गल्ल्यावर दिग्विजयच होता. समोर तोच स्क्रीन, त्यावर तीच नावं. मारुतराव शिंपी, ताईंचं जुनं गिऱ्हाईक, तिथं अस्तर फाडून घेत होते. आम्हाला पाहून पंख्याकडं बघायला लागले. दिग्विजय लगबगीनं पाया पडायला वाकला. ताईंनी पाय मागं घेतले.

“सांगणारच होतो, काकू,” तो म्हणाला. “प्रोग्राम तर मीच लिहिलाय ना. तुमची नुसती नावं आहेत त्यात.”

मला वाटलं, आता ताई भांडणार. त्यांनी पिशवीतून ते अस्तर काढलं, काउंटरवर पसरलं, सुरकुती हातानं सारखी केली.

“प्रोग्राम ठेव. शिंपीही ठेव. एवढंच कर दिग्विजय, त्यातलं अंबू हे नाव काढून टाक. हा माझ्या आईचा रंग नाही.”