जावयाच्या गाडीची उलटतपासणी

आमच्या यांना गल्लीत सगळे ‘फौजदार’ म्हणतात. पोलिसात नव्हते हो कधी, गॅरेज आहे. पण गिऱ्हाईक “गाडी बंद पडते” म्हणालं की आधी गिऱ्हाइकाचीच उलटतपासणी! दूधवाला, भाजीवाला, माझी बहीण, कुणीच यातून सुटलं नाही. मी निभावलं. जावयाने काय म्हणून ऐकून घ्यायचं?

लग्नानंतर लेक-जावई जेमतेम दोनदा आले. मग दर रविवारी लेकीचा फोन, “आई, गाडी वाटेत बंद पडली, परत फिरलो.” यांचं एकच पालुपद, “थापा आहेत! तोच येऊ देत नाही तिला.” पोर तुटतेय की काय, या विचाराने माझा जीव टांगणीला.

शेवटी यांनी जावयाकडून गाडीच मागवून घेतली. स्कॅनर लावला, एक दोष दिसेल तर शपथ. “बघ, जावयाला खोटं बोलताना पकडला की नाही!”

“अहो, मशीनवर कधीपासून विश्वास ठेवायला लागलात?” मी म्हटलं.

ते बरोबर झोंबलं. इंजिनाचा सगळा कारभार बघणारा कॉम्प्युटर, त्याचं झाकण यांनी उघडलं. इंजिन चालू ठेवून माझा केस वाळवायचा ड्रायर आत धरला. डबा तापला आणि इंजिन गपकन बंद! गार झाल्यावर पुन्हा चालू. भिंगातून पाहिलं तर आतल्या एका सोल्डरला, म्हणजे धातू वितळवून केलेल्या जोडाला, बारीकशी चीर. तापली की उघडायची, गार झाली की मिटायची. म्हणजे जावई खरं बोलत होता. यांचं तोंड एवढंसं झालं.

नवं सोल्डर मारलं, पुन्हा ड्रायर धरून खात्री केली आणि गाडी स्वतः पोचवून आले. “दोष गाडीतच होता,” एवढं जावयाला म्हणाले म्हणे. यांच्या हिशेबी ही माफीच.

रविवारी मी सकाळपासून खिडकीत. कुणी आलं नाही. यांनी स्पीकर चालू करून लेकीला फोन लावला. “परत बंद पडली?”

“नाही बाबा, मस्त चालते. हे तर कपडे करून बसलेत. मलाच यायचं नाहीये. गाडी दोनदाच बंद पडली होती, बाकी वेळा मी खोटं बोलले. शाळेतून आले की तुम्ही माझं दप्तर तपासायचात. आता यांना तपासता. नको वाटतं तिथे.”

मला वाटलं, आता तरी हे विरघळतील. हे फोनमध्ये काय म्हणाले असतील?

“शेजारी बसून तुला तोच पढवतोय ना?”

फोन कट झाला. मी पर्स उचलली, चपला घातल्या.

“कुठे निघालीस?”

“लेकीकडे. तुम्ही येऊ नका.”