धाकटीने आवरलेल्या फाइली

आमच्या सुनेला घरात सगळे धाकटी म्हणतात. थोरली कोणी नाही, मला एकच मुलगा. पण ती माहेरची शेंडेफळ, तिकडून येताना नावही घेऊनच आली.

लग्न झालं तेव्हा ती एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची. पुढे आमचे हे अंथरुणाला खिळले. धाकटीने आधी रजा वाढवली, मग नोकरीच सोडली. बाई ठेवून पाहिली, पण ह्यांना दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणी चालेना. ती त्यांची दाढी करायची, कूस बदलायची, आणि ते चिडले की म्हणायची, "बाबा, सकाळपासून तुम्हीच चिडताय. आता माझी पाळी."

हे गेले. वर्ष सरल्यावर ती मुलाखतीला गेली. समोरच्या पोरसवदा साहेबाने विचारलं, "मधल्या काळात काय केलंत?" ही तशीच उठली. घरी आली, चपला काढल्या आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी.

त्यानंतर अर्ज करणं थांबलं. कॉम्प्युटर उघडायची, बघत राहायची, मिटायची. "हात विसरले, आई," एवढंच म्हणाली एकदा. तिची ती वर्षं आमच्या घराने खाल्ली होती. मला घास गोड लागेना.

मग एका दुपारी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला. मी शेजारी शेंगा सोलत होते.

"काय गं, काम मिळालं?"

"मागून घेतलंय. पगार नाही."

मला कळेल असं तिने सांगितलं ते असं. प्रोग्रॅम कॉम्प्युटरकडून जागा मागून घेतात आणि काम झालं की परत द्यायला विसरतात. काही तर परत दिलेल्या जागेत पुन्हा हात घालतात. त्यांच्यावर पाळत ठेवणारं एक हत्यार आहे, कोणी काय घेतलं आणि कुठे ठेवलं ते बरोबर सांगतं.

"म्हणजे आमच्या नणंदबाई," मी म्हटलं.

धाकटी हसली. बऱ्याच दिवसांनी.

हे हत्यार जगभरातली माणसं मिळून फुकट बनवतात, आणि त्यांच्यात एक राखणदार असतो. कोणाचं काम आत घ्यायचं ते तो ठरवतो. त्याला कोणी पाहिलेलं नाही. धाकटीने त्याच्याकडे सगळ्यात साधं काम मागितलं. हेडर म्हणून फाइली असतात, बाकीच्या फाइली आधी त्या वाचतात. त्यांत कोणी ओळ आत सरकवायला टॅब दाबलेला, कोणी नुसत्या स्पेस मारलेल्या, कुठे ओळ संपली तरी शेपटाला मोकळी जागा लोंबतेय. ते सारखं करायचं. एरवी दिसत नाही, पण तिने एक कळ दाबली आणि मोकळ्या जागी बारीक बारीक ठिपके उमटले, मुंग्या लागल्यासारखे.

"हे पुसलं की हत्यार चांगलं चालेल?"

"जसं चालत होतं तसंच चालेल. तसं चाललं नाही तर माझं चुकलं."

"मग कशाला गं एवढा खटाटोप?"

"पुढच्या माणसाला वाचताना त्रास नको, आई."

संध्याकाळी मुलगा आला. तो दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला वाटतं की सगळं कळतं. "जगात तुलाच सापडली रिकामी जागा पुसायला," तो म्हणाला.

"तुझं कपाट आवरून हात बसलाय," धाकटी म्हणाली.

काम झालं, तिने पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी राखणदाराचं उत्तर आलं, ते वाचून तिचा चेहरा उतरला.

त्यातली एक फाइल ह्या हत्यारवाल्यांची नव्हतीच. दुसऱ्या मंडळींकडून उसनी आणलेली होती, आणि फाइलीच्या माथ्यावर तसं लिहूनही ठेवलेलं होतं. ती मंडळी नवी फाइल काढतात तेव्हा राखणदार जुनी आणि नवी शेजारी ठेवून काय बदललं ते बघतो. धाकटीने आवरायच्या भरात तिच्याही सगळ्या ओळी सारख्या केल्या. आता बघावं तर ओळ न् ओळ बदललेली दिसणार, खरा बदल सापडायचाच नाही.

"माथ्यावर लिहिलं होतं, आई. ते न वाचताच हात चालवला. सगळ्यात सोपं काम होतं." तिने कॉम्प्युटर मिटला. "राहू दे. नाही जमायचं आता."

आता मिटला तर पुन्हा उघडणार नाही, हे मला दिसत होतं.

"त्याने काय लिहिलंय ते नीट सांग," मी म्हटलं. "सगळंच नको म्हणालाय?"

"नाही. ती एक फाइल होती तशी ठेवून बाकीचं पुन्हा पाठवा म्हणालाय."

"मग त्याला पाहिजेच आहे की. नणंदबाई आपलं घर आवरून गेल्या की आठवडाभर किसणी सापडत नाही. म्हणून मी त्यांना येऊ नका म्हणते का? किसणीला हात लावू नका म्हणते."

"आणि त्या ऐकतात?"

"त्या नाही ऐकत. तू ऐकशील."

ती टेबलावरची माझ्या शेंगांची सालं गोळा करत बसली. मग कॉम्प्युटर उघडला. उसनी फाइल होती तशी ठेवली, बाकीची एकेक उघडून आधी माथा वाचला. ओठ हलवत वाचत होती. सगळं पुन्हा चालवून पाहिलं आणि पाठवलं.

उत्तर आलं तेव्हा मुलगा घरी होता. धाकटीने आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. "घेतलं. स्वच्छ काम आहे. पुढच्या फोल्डरमध्ये एक खरी चूक आहे, आपलं हत्यार एका निर्दोष प्रोग्रॅमवर आळ घेतंय. बघाल का?"

मुलगा काही बोलणार होता, मी त्याच्याकडे बघितलं.

"बघते," असं धाकटीने लिहिलं. मग मान वर न करता नवऱ्याला म्हणाली, "अरे, आज स्वयंपाक तू कर."

"मला फक्त अंडी उकडता येतात."

"मग अंडी."

त्याने ती इतकी उकडली की दगड बरे. धाकटीने एका हाताने खाल्ली, दुसरा हात कळांवर, नजर पडद्यावर. जेवताना असलं मी कोणाचं चालू देत नाही. आज मात्र मीच तिच्या ताटात मीठ वाढलं.