मंगलताईंचा फोन

दुपारी मंगलताईंचा फोन आला की बायको गॅलरीत जाऊन बसते. दोघींचीही हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया व्हायची आहे. ओळख झाली ती दवाखान्याच्या बाकावर. हल्ली घर इतकं शांत असतं की आत बसूनही सगळं ऐकू येतं. काल मी मोड आलेले वाल सोलत होतो.

"टाके पडले की आपण दोघी गोधड्याच हो!" बायको फोनवर हसत म्हणाली. मग त्याच आवाजात, "भीती वाटते. रोज वाटते."

मी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "मी बरी आहे." जिच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला, तिची भीती कालपरवा भेटलेल्या बाईला आधी कळते, याचा मला मत्सर वाटतो. त्या आजाराचाही वाटतो. तो त्या दोघींचा आहे, त्यात मला जागा नाही.

फोन ठेवून ती आत आली आणि माझ्यापुढच्या पातेल्याकडे पाहत राहिली.

"अहो, सालं पातेल्यात आणि डाळिंब्या कचऱ्यात? घाबरलात का?"

"छे. मी बरा आहे."

ती शेजारी बसली, कचऱ्यातल्या डाळिंब्या वेचू लागली.

"मंगलताईंना फोन लावून देऊ का?" तिने विचारलं.