कातळावरच्या बैलाला पहिला नारळ

मंडळी, आत्ताच नांदगावकडून घरी आलोय. चैन पडत नाही म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी मी, सुनील आणि मनीषा तिकडच्या एका उजाड माळावर भटकत होतो. तिथे सपाट कातळावर कोरलेला बैल सापडला. शिंगं, वशिंड, सगळं स्पष्ट. किती जुना, कोण जाणे. आज तिघं पुन्हा गेलो.

बैल ओळखूच येईना. अंगभर शेंदराचा जाड थर, भोवती करवंट्या. नारळ आपटून आपटून शिंगांचे टवके उडालेत.

शेजारी मेंढ्या चारणारे बाबा कौतुकानं म्हणाले, "लय जागृत देव हाय. आधी आमाला ठावंच नव्हता. नाशिकची तिघं आली, चपला काढून त्यांनी नारळ फोडला, तवा कळलं."

आम्ही एकमेकांकडे बघितलंच नाही. नारळ मनीषाच्या पिशवीतला होता, फोडला मी. इतकं जुनं काही समोर आलं आणि मला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

बाबांनी खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

गेलेली शिंगं काही परत येत नाहीत. पण उरलेल्या बैलावर नारळ फोडू नका, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?