निळ्यावर निळा काठ

कॅल्गरीच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत लोक कोट, बूट, पट्टे काढून ट्रेमध्ये ठेवत होते. माझ्यापुढे माझ्या सासूबाई उभ्या होत्या. नऊवारी लुगडं, त्यावर माझ्या नवऱ्याचा, सुहासचा, जुना जाड कोट आणि पायात गुडघ्यापर्यंतचे बर्फातले बूट. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. तपासणाऱ्या मुलीने कमरेला खोचलेल्या निऱ्यांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं आणि आत काय आहे असं विचारलं. अक्कांनी शांतपणे ओच्यातून (निऱ्यांच्या खोळीतून) रुमाल काढला, सुपारीची डबी काढली आणि शेवटी अडकित्ता काढला. अडकित्ता तिथेच राहिला. त्याचा शोक फ्रँकफर्टपर्यंत चालला.

आम्ही दोघी तीन आठवड्यांसाठी खानदेशात निघालो होतो, आणि कारण ऐकून विमानात शेजारी बसलेले गृहस्थ हसले होते. आम्हाला लुगडी आणायची होती. झालं असं, की आमच्या घराजवळच्या एका वृद्धाश्रमात अक्का वर्षभर हौसेने भाज्या चिरायला जात होत्या. तिथे स्वयंपाकघरात पगारी जागा निघाली आणि तिथल्या प्रमुख मार्गरेटबाईंनी ती अक्कांना देऊ केली. फक्त तिथे सगळ्यांना गडद निळा गणवेश असतो, पॅन्ट आणि झगा. अक्का म्हणाल्या, पॅन्ट घालणार नाही. मार्गरेटबाईंनी दोन दिवस विचार केला आणि अटी सांगितल्या. कापड साधं, गडद निळं हवं. काही लोंबता कामा नये. आणि मशीनमध्ये कढत पाण्यात धुतलं तरी रंग जाता कामा नये. महिनाअखेरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला.

इथे माझी बाजू सांगून टाकते. मी नाशिकची. कॅनडात पोहोचल्यावर आठवड्याच्या आत मी साडी बॅगेत ठेवली ती ठेवलीच. अक्का आल्या तेव्हा मीच त्यांच्यासाठी लोकरीच्या पॅन्ट आणल्या. दुकानात त्यांच्याबरोबर गेले की मी चार पावलं पुढे चालायची. एकदा मॉलमध्ये रखवालदाराने मला विचारलं, "त्या बाई तुमच्याबरोबर आहेत का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. मला लाज वाटत होती आणि मला ती कबूल करता येत नव्हती, म्हणून मी तिला त्यांची काळजी म्हणत असे.

जळगावला उतरलो तेव्हा हिवाळी सकाळ होती. आमच्या थंडीपुढे ती थंडी म्हणजे लाडातलीच, पण रिक्षावाले कान बांधून बसले होते. चहा घेऊन आम्ही तडक कापडाच्या बाजारात गेलो. पहिल्याच दुकानात तरुण सेल्समनने शिवलेली नऊवारी काढली. आत नाडी, बाजूला चेन, पँटसारखी पायात घालायची. मला ती फारच सोयीची वाटली.

अक्कांनी चेन वर-खाली करून पाहिली. "हे तं उशीची खोळ हाये," त्या म्हणाल्या आणि पुढच्या दुकानाकडे चालू लागल्या.

चौथ्या दुकानात गडद निळी सुती लुगडी मिळाली, बारीक काठाची. दुकानदाराने रंगाची हमी दिली, अगदी छातीवर हात ठेवून. मी दोन घेतली आणि मनात म्हटलं, झालं काम, आता भरीत खायला मोकळे.

सावद्याला अक्कांचे धाकटे भाऊ राहतात, नाना. केळीची बाग, अंगणात जुना ट्रॅक्टर, आणि घरात बोलण्याचा आवाज असा की नवख्याला वाटावं भांडण लागलंय. त्या दिवशी मळ्यातच भरीत होतं. तुराट्यांच्या (तुरीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर हिरवी वांगी भाजली, लाकडी बडजीत (भरीत ठेचायच्या खोलगट भांड्यात) ठेचली, कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे, आणि वर तेलाची सढळ धार. बरोबर कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची). केळीच्या पानावर मी तीन वेळा वाढून घेतलं आणि नानांच्या बायकोने चौथ्यांदा न विचारता वाढलं.

संध्याकाळी अक्कांनी लुगड्याची परीक्षा घेतली. लहान पातेल्यात पाणी उकळलं, त्यात एका लुगड्याचा पदर सोडला आणि स्टुलावर बसून राहिल्या. पाच मिनिटांत पाणी शाईसारखं झालं. अक्कांनी पदर पिळून दोरीवर टाकला. मला मात्र ते कढत पाणी वाया जाईल असं वाटलं. बाहेर दगडी टाकीजवळ बादलीत काही कपडे भिजत पडले होते, अंधारात ते मळ्यातले काळपट कपडे वाटले, मी पातेलं त्यात ओतून टाकलं. ते नानांचे पांढरे पायजमे आणि दोन टोप्या होत्या.

सकाळी नाना आकाशी टोपी घालूनच केळीच्या काट्यावर (माल वजन करून विकतात तिथे) निघाले. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "राहू दे व माय. केळ्याले कुठी टोपीचा रंग समजते?" आणि गेले. तिकडे त्यांची काय थट्टा झाली ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण दुपारी टोपी बदललेली नव्हती.

आसपासच्या बाजारांत हिंडण्यात दोन आठवडे गेले, मग कुणीतरी चोपड्याचं नाव सांगितलं, म्हणून चोपड्याला गेलो. मागे सातपुडा निळसर दिसत होता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस वेचून झालेली राखाडी शेतं. दुकानदार म्हातारे आणि प्रामाणिक होते. त्यांच्याकडे पक्क्या रंगाची लुगडी होती, पण हिरवी आणि अंजिरी. निळं लुगडं आता कुणी मागत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि धुळ्याला एका कापडवाल्याकडे जाऊन पाहा म्हणाले.

चोपड्याहून धुळ्याच्या एसटीत माझा धीर सुटला. परतीला पाचच दिवस उरले होते. खिडकीतून धूळ येत होती, पाय अवघडले होते, आणि मी बोलून गेले, "अक्का, आठ तासांचा तर प्रश्न आहे. तेवढा वेळ पॅन्ट घाला. घरी आल्यावर नेसा काय नेसायचं ते."

अक्कांनी खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाल्या, "पयल्या हिवाळ्यात तू आनली ते पॅन्ट मी घातली व्हती का नाई?"

"घातली होती."

"मंग त्या हिवाळ्यात मी कितींदा घराभाईर पडली?"

मला आठवलं. एकदाही नाही. खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या आणि मी सुहासला सांगायचे, अक्कांना थंडी मानवत नाही.

"मी चाळीस वर्सं बागात याच्यावर काम केलं," अक्कांनी कासोट्यावर हात ठेवला. "पाट वलांडला, घड उचलले, बैल धरले. याच्यात मले माहा पाय समजते. त्याच्यात मले वाटे, मी कोनी दुसरीच बाई हाये आन् ते बाई मले आवडत नाई."

 धुळ्यापर्यंत मला स्वतःचा राग येत होता, आणि तो यायलाच हवा होता.

धुळ्याचं दुकान बाजारपेठेतल्या एका अरुंद गल्लीत होतं. मालक शांतिलालभाऊ, मूळचे राजस्थानचे. चार पिढ्या इथेच. दुकानात शाळांचे गणवेश, दप्तरं, मोजे. लुगडी नाहीतच. मी अटी सांगितल्या तशी त्यांनी मान हलवली. "ताई, असं लुगडं तयार मिळणार नाही. वेळ घालवू नका."

तेवढ्यात आतल्या जिन्यावरून त्यांच्या आई खाली आल्या. ऐंशीच्या पुढच्या, डोईवर केशरी ओढणी, घेरदार घागरा, हातात कोपरापर्यंत बांगड्या. त्यांना सगळे माजी म्हणत. मला वाटलं आता मारवाडीत बोलतील. त्यांनी अक्कांना आपादमस्तक न्याहाळलं आणि अस्सल अहिराणीत विचारलं, "काय धुंडी राह्यनी वं बहीन?" (काय शोधतेयस गं बहिणी?)

अक्कांनी सगळं सांगितलं. त्यांची बोली वेगळी, माजींची वेगळी, पण गाडी कुठे अडली नाही. माजी ऐकता ऐकता हसायला लागल्या.

"मी आठे उनू तवय बठ्ठी गल्ली माले हासे," त्या म्हणाल्या. (मी इथे आले तेव्हा सगळी गल्ली मला हसायची.) "सासू म्हने, लुगडं नेस, सुखी व्हशी. मी त्यास्ले सांगं, बोली तुमनी बोलसू, भाकर तुमनी थापसू, पन घागरा मना शे." (बोली तुमची बोलेन, भाकरी तुमची थापेन, पण घागरा माझा आहे.)

"आन् आता?" अक्कांनी विचारलं.

"आते मना बिगर गल्लीमा एक लगीन व्हत नही." (आता माझ्याशिवाय गल्लीत एक लग्न होत नाही.)

मग त्यांनी मुलाला दटावलं. लुगडं नाही म्हणून काय झालं, कापड तर आहे. शाळेच्या पोरी वर्षभर तेच घालतात, त्यांच्या आया ते उकळून धुतात, कुणाचा रंग गेलाय का. शांतिलालभाऊंनी गुमान गडद निळ्या सुती कापडाचा तागा फळीवरून खाली घेतला. जाड, मऊ, अगदी हवा तो रंग. पण पन्हा (कापडाची रुंदी) लुगड्याहून वीतभर जास्त. नेसलं तर पायात येणार.

मी म्हटलं, कापून टाकू. माजींनी तागा माझ्यापासून दूर ओढला. त्यांनी स्वतःच्या घागऱ्याची खालची कड उलटी करून दाखवली. आत चार बोटं रुंद दुहेरी पट्टी होती. त्या वजनाने घागरा जागचा हलत नाही. तशी दुमड आतून घालायची, म्हणजे काष्टा मारल्यावर कापड पोटरीवर चढणार नाही आणि लोंबणारही नाही. ताग्यात उरेल त्या कापडाचे डोक्याला बांधायचे रुमाल करायचे. स्वयंपाकघरात केस झाकावेच लागतात, हे मी बोलले होते आणि विसरले होते, माजी विसरल्या नव्हत्या.

वर त्यांच्या स्वयंपाकघरात तुकडा उकळायला ठेवला. दोघी म्हाताऱ्या पातेल्यापाशी बसल्या, एक घागऱ्यात, एक लुगड्यात, आणि मी उभी राहून घड्याळ बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी जसं नळातून आलं तसंच राहिलं. मला इतका आनंद झाला की मी माजींना मिठीच मारली. त्यांनी मला शेव-भाजीचं ताट वाढून गप्प बसवलं, आणि ती भाजी इतकी जहाल होती की खरंच मला बोलता येईना.

एकच गोष्ट अडली. काठ. अक्का म्हणाल्या, बिनकाठाचं लुगडं म्हणजे चादर. मी म्हटलं, अट साध्या कापडाची आहे. शेवटी शेजारच्या शिंप्याने त्याच निळ्या दोऱ्याने कडेला बोटभर काठ घातला, निळ्यावर निळा. लांबून दिसतच नाही. तीन दिवसांत चार लुगडी तयार झाली. निघताना माजींनी अक्कांच्या ओच्यात काहीतरी सरकवलं. अडकित्ता होता. तो या वेळी आम्ही सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकला.

कॅल्गरीत उतरलो तेव्हा बर्फ पडत होतं. दुसऱ्याच दिवशी अक्का नवं लुगडं नेसून, पदर कमरेला आवळून खोचून, डोक्याला निळा रुमाल बांधून मार्गरेटबाईंपुढे उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना वाकायला लावलं, दोन पायऱ्यांच्या शिडीवर चढायला लावलं, जड भांडं उचलायला लावलं. मग दुसरं लुगडं मागून घेतलं आणि ते आश्रमाच्या मशीनमध्ये पांढऱ्या एप्रनांबरोबर कढत पाण्यात टाकलं. मला नानांच्या टोप्या आठवल्या. अक्का मशीनच्या काचेसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या आणि फिरणाऱ्या कापडाकडे पाहत राहिल्या.

एप्रन बाहेर आले ते पांढरेशुभ्र.

बाईंनी ओलं लुगडं हातावर घेतलं आणि त्यांचं बोट काठावर थांबलं. "हे काय?" मी सारवासारव करायला तोंड उघडलं, पण अक्का आधी बोलल्या, त्यांना येणाऱ्या दोन शब्दांत. "बॉर्डर. ब्लू." बाईंनी काठ खिडकीशी नेऊन पाहिला, मग हसून म्हणाल्या, निळा तो निळाच, सोमवारी सकाळी सातला या. महिन्याभरात भिंतीवरच्या गणवेशाच्या चित्रांत पॅन्ट-झग्याशेजारी अक्कांचा फोटो लागला. सोमालियाहून आलेली एक तरुण मुलगी तो बघून मार्गरेटबाईंकडे गेली, कापडाचा रंग विचारायला. तिला लांब झगा हवा होता. तिला तो मिळाला.

पहिल्या पगाराच्या दिवशी अक्कांनी मला मॉलमध्ये नेलं, जेवण त्यांच्याकडून. त्या कामावरून तशाच आल्या होत्या, निळ्या लुगड्यात, बर्फाचे बूट घालून. मी मुद्दाम चार पावलं मागे राहिले. त्या चालताना पाहायच्या होत्या मला, ताठ, भरभर, बागेत पाटाच्या कडेने चालाव्यात तशा. लोक वळून बघत होते. रखवालदार तोच होता की दुसरा, मला सांगता येणार नाही. त्याने अक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी त्याच्या विचारण्याची वाटही पाहिली नाही.

"त्या माझ्या सासूबाई आहेत," मी म्हटलं. "आम्ही बरोबर आहोत."

अक्का पुढून मागे वळल्या. "काहून मागं र्‍हायली व तू?" त्या म्हणाल्या. "चाल लवकर, मले भूक लागली."